खिडकीकडे तोंड, की दाराकडे

त्या कार्यालयात तिला नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. मालक तिला जहाजबाई म्हणत, म्हणून तिकिटे काढणारे दोघेही तसेच म्हणत, आणि पुढेपुढे गिऱ्हाइकेसुद्धा फोनवर जहाजबाई आहेत का, असेच विचारू लागली. चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला, तेवीस पायऱ्यांचा जिना, आत चार टेबले. विमानाची आणि रेल्वेची तिकिटे पुढच्या दोन टेबलांवर निघत. तिचे टेबल मागे, खिडकीलगत. तिथे फक्त जहाजांचे काम चाले, आणि तेही छोट्या जहाजांचे. तीन-तीन हजार माणसे घेऊन निघणाऱ्या अवाढव्य जहाजांची कोणी चौकशी केली, की ती पेन्सिलीने पुढचे टेबल दाखवी. "ती तरंगती बाजारपेठ आहे, तिचं तिकीट तिकडे मिळेल," म्हणे.

शंभर-सव्वाशे प्रवासी घेणारी, नीटनेटकी, महागडी अशी चार जहाजे ती पाहत असे. कागदोपत्री त्यांची नावे मोठी भारदस्त होती, पण तिने त्यांना घरगुती नावे ठेवली होती. पहिले सासर. तिथे संध्याकाळी ठेवणीतले कपडे करून, ठरल्या वेळी, नेमून दिलेल्या जागेवरच जेवायला बसायचे, आणि कुठला चमचा कधी उचलायचा हे आधीच ठाऊक असायला हवे. दुसरे माहेर. तिथे लाकडी डेकवर सगळे अनवाणी, केबिनला कुलूप नाही, जेवायला एकच लांबलचक टेबल. कप्तानही त्याच टेबलाचा कोपरा धरून बसे आणि जेवण आटोपले की कोणीतरी गायला लागे. तिसरी शाळा. सकाळी घंटा, गळ्यात दुर्बिणी, रबरी होड्यांतून किनाऱ्यावर जायचे आणि परत आल्यावर पक्ष्यांवर नाहीतर खडकांवर व्याख्यान ऐकायचे. आणि चौथे जहाज म्हणजे मठ. मठात दोघादोघांची टेबले, तीही एकमेकांपासून लांब. नोकरमाणसे पाय न वाजवता चालत. जेवण केबिनमध्येच आणून द्या म्हटले, तर कोणी कारण विचारत नसे.

यांतल्या एकाही जहाजातून जहाजबाईने कधी प्रवास केला नव्हता. जहाज बंदराला लागले, की कंपन्या प्रवासी कार्यालयांतल्या लोकांना दोन तास आत सोडत. तेवढ्या वेळात ती गाद्या दाबून बघे, नळाचे पाणी किती वेळात गरम होते ते घड्याळ लावून मोजे आणि जेवणघरातल्या खुर्च्या ओढताना आवाज होतो का, हेही लिहून घेई. मठावर ती पहिल्यांदा गेली, तेव्हा वरच्या मजल्याच्या टोकाला तिला एक बैठक दिसली. मोठी गोल खिडकी, तिच्या खाली निळी गादी, आणि समोर पाण्याशिवाय काही नाही. बाकीचे सगळे स्वयंपाकघर बघायला गेले, आणि ती तिथे दहा मिनिटे बसली. त्या दहा मिनिटांत आपल्याशी कोणीही बोलले नाही, ही गोष्ट ती पुढे वर्षानुवर्षे सांगत असे, आणि सांगताना तिचा चेहरा असा होई, जणू कोणी तिला दागिना घातला आहे.

तिची खरी कमाई म्हणजे एक पिवळे कार्ड. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने ते स्वतः तयार केले होते. जहाजाबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. सकाळी जाग किती वाजता येते, जेवताना शेजारी अनोळखी माणूस येऊन बसला तर बरे वाटते की घास अडतो, शेवटचे पोट धरून कधी हसलात आणि कोणाबरोबर, घरी आपली म्हणून जी खुर्ची आहे तिचे तोंड खिडकीकडे आहे की दाराकडे, असे सात प्रश्न होते. खिडकीकडे तोंड करून बसणाऱ्याला पाणी दाखवावे आणि दाराकडे तोंड करून बसणाऱ्याला माणसे, असे तिचे साधे शास्त्र होते. एक निवृत्त न्यायाधीश सासरचेच तिकीट हवे म्हणून अडून बसले होते. हसण्याच्या प्रश्नावर ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ड्रायव्हरबरोबर, गाडीचे चाक चिखलात रुतले होते तेव्हा. तिने त्यांना माहेरी पाठवले. ते चिडून गेले. परत आल्यावर तेवीस पायऱ्या चढून आले आणि एवढेच सांगून गेले, की पंधरा दिवस बूट पेटीतच होते.

कार्डाचा नियम एकच होता. ज्याचा प्रवास त्याच्याच तोंडचे उत्तर. नवरा बायकोच्या वतीने बोलू लागला, की ती त्याला खाली चष्म्याच्या फ्रेमा बघायला पाठवी. मुलगी आईची उत्तरे सांगू लागली, की तिच्या हातात नकाशा देऊन तिला बाकावर बसवी. "हिला काय आवडतं ते मला माहीत आहे" असे म्हणणारे माणूस तिच्या मते सर्वांत धोक्याचे.

तिच्या घरी कोणी नव्हते. लग्न जमले नाही, मग जमवायचे राहिले, आणि मग एकटीच्या दोन खोल्या तिला इतक्या आवडू लागल्या, की कोणी पाहुणे आले तर ते जाईपर्यंत तिच्या जिवाला घोर. तिचे जवळचे माणूस म्हणजे तिच्याहून सात वर्षांनी मोठी ताई. ताई तिला अजून छोटी म्हणे, ती सत्तावन्न वर्षांची झाली तरी. ताईचे यजमान रेडिओ दुरुस्त करत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भाऊजी एका वेळी चार-पाच रेडिओ उघडे करून बसत आणि सगळे चालू ठेवत. एकावर बातम्या, दुसऱ्यावर गाणे, तिसऱ्यावर नुसती खरखर, आणि त्या सगळ्यांच्या वरताण भाऊजींचे गिऱ्हाइकांशी गप्पांचे फड. मागच्या खोलीत ताई भाजी निवडत बसे आणि तिथूनच वादात भाग घेई. जहाजबाई रविवारी तिथे जाई आणि दुखते डोके घेऊन परत येई. एवढ्या कलकलाटात ताई जगते कशी, हे कोडे तिला एकेचाळीस वर्षे सुटले नाही.

मग भाऊजी गेले. दुकान बंद झाले. मुलगा परदेशी, तो आठवड्याला एकदा फोन करी. ताईने रेडिओ मात्र विकले नाहीत. जहाजबाई रविवारी जाई, तेव्हा एक स्वयंपाकघरात आणि एक पुढच्या खोलीत असे दोन रेडिओ वेगवेगळ्या जागी लावलेले असत आणि ताई मधल्या दारात मटार सोलत बसलेली असे. छोटी आत शिरली, की आधी दोन्ही बंद करी, उगाच जळणारे दिवे मालवावेत तसे.  ताई उठून चहा टाकी.

जहाज कंपन्या कार्यालयातल्या जुन्या माणसांना दहा वर्षांतून एकदा रिकामी राहिलेली एक केबिन देत. जहाजबाईने ती सवलत कधी वापरली नव्हती. निवृत्त झाले की मठावर जाऊन त्या गोल खिडकीखाली बारा दिवस बसायचे, असे तिने मनाशी पक्के धरले होते. ती केबिन तिने ताईला द्यायचे ठरवले. असे काही देताना माणसाला जे वाटते ते सगळे तिला वाटले. थोडे दुःख, थोडा अभिमान, आणि आपण किती देतो आहोत हे समोरच्याला कळावे अशी थोडी हाव.

तिने ताईला सांगितले, तेव्हा ताई कपबशा पुसत होती.

"एकटीच जायचं?" ताईने विचारले.

"केबिन एकाच माणसाची असते गं. आणि तुला आता शांतता हवी. इतकी वर्षं तो गोंधळ सोसलास."

"हो का," ताई म्हणाली. मग बशी पुसायची थांबून तिने एक प्रश्न केला. "तिकडे जेवायला कोण कोण असतं?"

"कोणी नाही. तेच तर सुख आहे."

ताईने बशी फडताळात ठेवली. "बरं. तू म्हणशील ते. तुझं कामच आहे ते."

कार्यालयात तिकीट तयार झाले. पुढच्या टेबलावरचा तिकीटवाला चेष्टेखोर होता. त्याने मान वळवून विचारले, "बाई, कार्ड भरलंत का? की घरच्या माणसाला वशिला?" ती म्हणाली, की सख्ख्या बहिणीचे कार्ड काय भरायचे, तिला मी आतून-बाहेरून ओळखते. तरी फाइलला कार्ड लागतेच, म्हणून तिने एक पिवळे कार्ड घेतले आणि सातही उत्तरे एका दमात लिहून टाकली. तिला पाच मिनिटेही लागली नाहीत.

बारा दिवसांनी ताई परत आली. बंदरावर पेटी घेऊन उतरताना तिचा चेहरा जरा बारीक दिसला, पण तो प्रवासाचा शीण असेल असे छोटीला वाटले. ताईने तिच्यासाठी केबिनमधला कागदात गुंडाळलेला साबण आणला होता.

"कसं होतं?"

"छान होतं. फार शांत."

"खिडकीखाली बसलीस?"

"बसले की. रोज."

छोटीला भरून आले. पुढची तीन वर्षे गिऱ्हाइकांना मठाविषयी सांगताना ती शेवटी हमखास म्हणे, "माझी स्वतःची ताई जाऊन आली आहे." त्या एका वाक्यावर कितीतरी कार्डे मठाकडे वळली.

निवृत्तीच्या दिवशी दुपारी मालकांनी दोन शब्द बोलून घेतले, तिकीटवाल्याने तिची नक्कल करून दाखवली, आणि मग ती खण रिकामे करायला बसली. प्रवासी परत आले, की जहाजावर त्यांनी भरलेला अभिप्रायाचा कागद कंपनी बंद पाकिटातून कार्यालयाला पाठवी. इतकी वर्षे ती असा प्रत्येक कागद वाचून कार्डाला टाचणीने लावत आली होती. एकच पाकीट तिने फोडले नव्हते. ताईने तोंडी सांगितले होते, मग कागदावर काय वाचायचे, म्हणून ते तसेच फाइलीत राहिले होते. आता शेवटचे काम म्हणून तिने ते फोडले.

ताईचे अक्षर मोठे, सरळ, शाळेतल्यासारखे. सर्वांत काय आवडले, या प्रश्नापुढे लिहिले होते: खालच्या मजल्यावरच्या कपडे धुण्याच्या खोलीतल्या दोघी बाया. चौथ्या दिवशी वाट चुकून तिथे गेले, त्यांनी बसायला बादली उपडी करून दिली. त्यांच्याबरोबर टॉवेलांच्या घड्या घातल्या. प्रवाशांना खाली यायची परवानगी नाही, हे नंतर व्यवस्थापकांनी नम्रपणे सांगितले, म्हणून पुन्हा गेले नाही. त्या दोघींना बोलणी बसली नसतील अशी आशा आहे.

काही सूचना असल्यास, या प्रश्नापुढे: ज्यांना जेवताना बोलायला माणूस हवे असेल, त्यांच्यासाठी एखादे मोठे टेबल असावे. बाकी तक्रार नाही. कृपया हे माझ्या बहिणीला कळवू नये. तिने फार मायेने पाठवले आहे.

जहाजबाईने तो कागद दोनदा वाचला आणि मग फाइलीतले पिवळे कार्ड काढले. तिचेच टोकदार अक्षर. जेवताना अनोळखी माणूस आल्यास: घास अडतो. खुर्चीचे तोंड: खिडकीकडे. तिने डोळे मिटले, तेव्हा तिला ताईची खुर्ची दिसली. एकेचाळीस वर्षे ती एकाच जागी होती, खिडकीकडे पाठ करून, मधल्या दारातून पुढचे दुकान आणि दुकानाच्या पायऱ्या दिसतील अशी. कोण आले, कोण गेले, हे ताईला भाऊजींच्या आधी कळायचे. दर रविवारी छोटी त्याच खुर्चीसमोर बसून चहा प्यायली होती. कार्डावर ताईचे उत्तर एकही नव्हते. सातही तिची स्वतःची होती. तिने आपलेच जहाज आपल्यासाठी निवडले होते आणि ताईला त्यात बसवून दिले होते.

तिकीटवाल्याने विचारले, बाई, बरे वाटत नाही का. ती म्हणाली, जिन्याची सवय मोडायची आहे ना, म्हणून. तो हसला.

ती घरी न जाता सरळ ताईकडे गेली. रविवार नव्हता, तरी ताईने तिला दारातच पाहिले, कारण ती खुर्चीत होती. रेडिओ दोन्ही बंद होते. गेले दीड वर्ष ताईचे कान झपाट्याने कमी होत चालले होते. श्रवणयंत्र आणले होते, पण त्यात सगळे जग एकदमच कुजबुजते, असे म्हणून तिने ते खणात टाकले होते. महत्त्वाचे काही असले, की छोटी आताशा पाटीवर लिहून दाखवी. आज तिने पिशवीतून एक कोरे पिवळे कार्ड काढले, ताईसमोर ठेवले आणि दुसऱ्या प्रश्नावर बोट टेकवले.

ताईने चष्मा लावून वाचले. मग कार्ड उलटून मागची कोरी बाजू पाहिली, आणि छोटीच्या तोंडाकडे पाहिले.

"त्या लोकांनी कळवलं वाटतं तुला," ती म्हणाली. तिचा आवाज आता गरजेपेक्षा मोठा लागत असे. "मी स्पष्ट लिहिलं होतं, बहिणीला कळवू नका म्हणून."

छोटीने पाटीवर लिहिले: बहिणीला नाही कळवलं. कार्यालयाला कळवलं.

ताई ते वाचून हसली, अगदी पोटातून, आणि हसतानाच तिने पदराने डोळे पुसले. "भारीच हुशार कंपनी."  छोटीने पाटी पुसली आणि लिहिले: तेव्हाच का नाही सांगितलंस?

"काय सांगणार? तू स्वतःची केबिन मला दिलीस. त्या खिडकीचं तू इतकं सांगायचीस, मला वाटलं, बघू तरी काय आहे. पहिल्या दिवशी बसले तर पाणी. दुसऱ्या दिवशीही तेच पाणी." ताईने कार्डाचा कोपरा अंगठ्याने सरळ केला. "मग म्हटलं, छोटीला यायला मिळालं नाही, तर तिच्या वाटचं आपण बसू. रोज बसायचे. घड्याळ लावून दहा मिनिटं."

 छोटीने पाटी पुसली. मग तिने मान खाली घालूनच लिहिले, की माहेरचे जहाज चार महिन्यांनी बंदराला लागते. दोघींनी जायचे. पैसे आहेत. लांब टेबल. मी तुझ्या शेजारी बसेन.

ताईने ते सावकाश वाचले, दोनदा. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आले, आणि छोटीला वाटले की ती हो म्हणणार.

"आता नको गं," ताई म्हणाली. "तिथे बारा माणसं एकदम हसतील आणि मी तुला विचारत बसेन, काय झालं, कोण काय म्हणालं. तू पाटीवर लिहीपर्यंत ते दुसऱ्याच गोष्टीला हसत असतील. तेव्हा असतं तर मी त्या कप्तानालासुद्धा वादात हरवलं असतं." तिने चष्मा काढून मिटून ठेवला. "तू जा मठावर. तुझी खिडकी अजून असेल."

छोटीने हो म्हणून मान हलवली. ती तिथे आता कधी जाणार नव्हती, आणि ताईला हे सांगण्यातही अर्थ नव्हता.

ताई चहा टाकायला उठू लागली, तशी छोटीने तिला खांद्याला धरून बसवले. ती पुढच्या खोलीत गेली, भाऊजींच्या फळीवरचा सर्वांत मोठा, लाकडी रेडिओ दोन्ही हातांनी उचलून आणला, ताईच्या खुर्चीजवळच्या टेबलावर ठेवला आणि लावला. बरेच दिवस बंद असल्यामुळे आधी खरखर आली, मग एका माणसाचा आवाज. तिने आवाजाचे बटण पूर्ण फिरवले. तिचे स्वतःचे डोके ठणकू लागले. ताईने हात पुढे करून तळवा त्या लाकडावर टेकवला आणि तसाच ठेवला.

"बोलतंय कोणीतरी," ती म्हणाली. "काय लागलंय?"

छोटीने पाटी उचलली, पण तो माणूस भराभर बोलत होता आणि लिहून होण्यासारखे नव्हते. तिने पाटी खाली ठेवली. आपली खुर्ची ओढून ताईच्या खुर्चीला लावली, तिच्यासारखीच दाराकडे तोंड करून, आणि तिच्या कानाशी तोंड नेले. कुठल्याशा गावी एका शेतकीच्या प्रदर्शनात दोन भोपळ्यांवरून भांडण झाले होते, त्याची हकीकत चालू होती. जहाजबाईला आयुष्यात इतक्या मोठ्याने बोलायची सवय नव्हती. तिचा आवाज फाटला. तरी एकेक वाक्य ऐकून ती ते ताईच्या कानात सांगत राहिली.

"मोठा कोणाचा होता?" ताईने विचारले.

"थांब," छोटी ओरडली, "अजून सांगितलं नाही त्याने."